जखडलेला खांदा, आठ हालचाली आणि श्वास : गंगाखेडच्या गच्चीवरच्या नोंदी

३ जुलै २०२३

परभणीला जाऊन आलो. उजवा खांदा जखडलाय हे आज हाडांच्या डॉक्टरांनी पक्कं केलं. एक्स-रेत हाड ठीक आहे. आक्रसलंय ते सांध्याभोवतीचं आवरण. साखर असणाऱ्यांना हे इतरांपेक्षा बरंच जास्त होतं, आणि माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ९.१ आलंय. आधी दुखण्याचे महिने, मग नुसत्या आखडलेपणाचे, मग हळूहळू सुटणं असा याचा क्रम. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, पण त्यानं साखर काही दिवस उसळते, म्हणून आधी साखर खाली आणायची असं ठरलं.

माझं काम मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचं. पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटारीत तयार कॉइल बसवता येत नाही. पॉलीची (प्लॅस्टिकचं आवरण असलेली) तार एकेका स्लॉटमधून, म्हणजे खाचेतून, हातानं ओवत, ओढत न्यावी लागते. प्रत्येक ओढीला कोपर अंगाशी राहतं आणि पंजा बाहेरच्या बाजूला जातो. या आजारात सगळ्यात आधी जाते ती हीच हालचाल. सध्या शर्टाची उजवी बाही आधी घालावी लागते, मागच्या खिशातलं पाकीट डाव्या हातानं काढावं लागतं, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जाग येते.

या नोंदी हातावर पोट असलेल्या, साखर असलेल्या आणि खांदा धरलेल्या माणसासाठी.

९ जुलै

व्यायामाच्या आधी मोजमाप. "बरं वाटतंय" यावर मी विसंबणार नाही; दुखणं कमी झालं की हात फार वर जातोय असा भास होतो.

तीन मापं ठरवली. पहिलं, जिन्याजवळच्या भिंतीकडे तोंड करून, फरशीच्या ठरावीक रेषेला अंगठे लावून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. खांदा कानाकडे उचलला जायला लागला की थांबायचं, तिथं पेन्सिलची खूण आणि तारीख. डावा हात ६ फूट ११ इंच, उजवा ४ फूट ३ इंच. दुसरं, टेबलाशी बसून कोपर बरगडीला चिकटवायचं आणि पंजा बाहेर न्यायचा. कंपासपेटीतला कोनमापक कागदावर ठेवून बघितलं: डावा ६० अंश, उजवा जेमतेम १०. तिसरं, हात पाठीमागे नेऊन अंगठा कुठवर पोचतो. उजवा पँटच्या मागच्या खिशापर्यंतही नाही.

फिजिओथेरपिस्टनं सध्या दोनच गोष्टी सांगितल्यात. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात लोंबता सोडून अंगाच्या झोक्यानं हलवायचा. आणि भिंत चढणं.

२२ जुलै

कप्पी लावली. हार्डवेअरमधून कप्पी, सुती दोरी आणि हूक मिळून १८० रुपये. डाव्या हातानं दोरी ओढायची म्हणजे उजवा आपोआप वर जातो. हूक दाराच्या चौकटीवरच्या गिलाव्यात ठोकला होता. चौथ्या-पाचव्या ओढीला गिलाव्यासकट खाली आला आणि उजव्या हाताला असा झटका बसला की दोन रात्री झोप नाही. आता बीमला ड्रिल मारून अँकर बोल्ट टाकलाय. कप्पी लावणाऱ्यानं ती आधी स्वतःचं वजन टाकून तपासावी आणि मगच दुखरा हात अडकवावा.

६ ऑगस्ट

पोरगी पुण्यात फिजिओथेरपीच करते. तिच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडून ती बादुआनजिन करून घेते. हा चीनमधल्या छिगोंगचा, म्हणजे श्वासाला जोडून करायच्या सावकाश व्यायामाचा, जुना आठ हालचालींचा संच; २००३ मध्ये तिथं सरकारी पातळीवर त्याची एक ठरीव पद्धत काढली आणि आता बहुतेक ठिकाणी तीच शिकवतात. पूर्ण संच बारा-तेरा मिनिटांचा. तिनं व्हिडिओ पाठवला आणि वर बजावलं, "बाबा, खांद्यासाठी म्हणून करू नका. साखर, झोप आणि पायांसाठी करा. खांदा मागून येईल."

मी खांद्यासाठीच सुरू केलं. पहिलीच हालचाल दोन्ही हातांनी आभाळ उचलण्याची. बोटं गुंफली की डावा हात उजव्याला वर घेऊन जातो, आणि त्या वेळी फार छानही वाटतं. रात्री दोन वाजता खांद्यात ठणका. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, पुन्हा ठणका. भिंतीवरची खूण दीड इंच खाली.

दुखण्याच्या टप्प्यात जोरानं ताणलं तर आवरण आणखी चिडतं. जाम बेअरिंगच्या मोटारीला पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबला तर बेअरिंग सुटत नाही, वायंडिंग जळतं. गिऱ्हाइकाला हे मी रोज सांगतो.

२० ऑगस्ट

संच कापून पुन्हा बसवला. पोरीनं व्हिडिओ कॉलवर एकेक हालचाल बघितली.

आभाळ उचलणं: बोटं गुंफायची नाहीत. डावा हात पूर्ण वर, उजवा छातीपर्यंत. उजव्यानं नुसती वाट दाखवायची. धनुष्य ताणणं: उजवा हात ओढणारा असेल तेव्हा कोपर खांद्याच्या खाली ठेवायचं, उजवा हात लांब करायचा असेल तेव्हा पोटाच्या उंचीला. एक हात वर एक खाली या तिसऱ्या हालचालीत उजवा कायम खालचा. मागे वळून पाहणं या चौथीत खांद्याला धक्का लागत नाही, ती पूर्ण. डोकं आणि कंबर झुलवण्याची पाचवी सध्या बंद, कारण त्यात मांडीवर टेकलेल्या हातावर भार येतो. हात पायांच्या बोटांकडे नेण्याची सहावी गुडघ्यापर्यंतच. मला ब्लड प्रेशरही आहे, डोकं खाली गेलं की कानशिलं तापतात. मुठी आवळण्याची सातवी आणि टाचा उचलून सोडण्याची आठवी चालू.

नियम एकच ठेवलाय: हालचालीनंतरचं दुखणं अर्ध्या तासात विरलं तर उद्या तेवढंच, रात्रीपर्यंत राहिलं तर उद्या निम्मं.

ऑगस्ट पूर्ण कोरडा चाललाय. आभाळाकडे बघून हात वर करणाऱ्या माणसाला गल्लीतली म्हातारी मंडळी गंभीरपणे विचारतात, "पावसासाठी करायलाव का मिस्त्री?"

५ सप्टेंबर

हे नीट वाचा, विशेषतः साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी.

आठवडाभर पहाटे गोदावरीच्या घाटावर करत होतो. तिथं मोकळं वाटतं, आंघोळीला येणारी माणसं आपापल्या नादात असतात. आज धनुष्य ताणताना हात थरथरायला लागला, मग अंगाला गार घाम, मग पायऱ्याच दोन-दोन दिसायला लागल्या. खाली बसलो. पूजेला आलेल्या एका बाईंनी पिशवीतली साखर दिली. घरी येऊन मशीनवर बघितलं तेव्हाही ६८.

कारण साधं होतं. माझी एक गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी आहे. ती मी उठल्याबरोबर घेऊन घाटावर जात होतो आणि नाश्ता दीड तासानं. डॉक्टरांना विचारून क्रम बदलला: आधी व्यायाम, मग घरी येऊन गोळी, आणि लगेच खाणं. उठल्यावर मशीनवर १०० च्या खाली दिसलं तर निघायच्या आधी अर्धं केळ. खिशात साखरेची पुडी कायम, तीन चमचे भरतील एवढी. ७० च्या खाली गेलं की ती खायची, पंधरा मिनिटं बसायचं, परत मोजायचं. चक्कर ध्यानामुळं आली, शक्ती जागी झाली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. आधी साखर बघावी.

घाट बंद केला. एकट्यानं पाण्याजवळ करण्यात अर्थ नाही. आता घरची गच्ची. खाली माणसं असतात.

२४ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला दुकानातल्या वायंडिंग मशीनबरोबर माझी जुनी लाठीही पूजेला ठेवली. विशीत असताना गणपतीच्या मिरवणुकीत लाठी फिरवायचो. पूजेनंतर हातात घेतली, डोक्यावर जाणं शक्य नव्हतं, तशीच कोपऱ्यात उभी केली.

गेल्या पंधरवड्यात इंजेक्शन घेतलं. एचबीए१सी ७.९ वर आल्यावर डॉक्टर तयार झाले. पुढचे चार-पाच दिवस साखर २८० पर्यंत चढली, मग उतरली. रात्रीचा ठणका मात्र खरोखर गेला. पुढं जी काही प्रगती लिहीन तिच्यात या इंजेक्शनचा आणि बदललेल्या गोळ्यांचा मोठा वाटा आहे. सगळं श्रेय आठ हालचालींना देणं खोटं ठरेल.

खूण: ४ फूट ११ इंच.

१८ जानेवारी २०२४

मध्ये नोंदी नाहीत, कारण सराव नव्हता. रब्बीचा हंगाम, त्यात हे दुष्काळाचं वर्ष. बोअरचं पाणी तळाला गेलं की मोटार कोरडी चालते आणि जळते. दुकानापुढं मोटारींची रांग, गिऱ्हाईक शेतातून थेट येतं आणि "रात्रीची लाईट आहे, आजच द्या" म्हणतं. हरभरा वाळत असलेल्या माणसाला मी व्यायामाचं कारण सांगू शकत नाही.

दिवाळीपासून तारा ओढून खांदा परत धरला. ४ फूट ८ इंच. बाहेरचा कोन २५ वरून १५ वर.

पहाटेचा पाऊण तास हंगामात मिळणार नाही हे मान्य करून सराव तोडला आणि दुकानात पसरला. एका मोटारीचं काम संपलं की दुसरी उघडण्याआधी एक हालचाल. स्टेटर (मोटारीचा तार भरलेला, न फिरणारा भाग) भट्टीत वाळत असताना मागे वळून पाहणं आणि टाचा. चहा येईपर्यंत धनुष्य. लोंबता हात दिवसातून तीनदा. दुकानातल्या पोराला सांगून ठेवलंय; मी विसरलो की तो म्हणतो, "काका, हात सोडा."

दुसरा बदल कामाच्या बैठकीत. तीस वर्षं जमिनीवर मांडी घालून स्टेटर मांडीशी घेतोय. आता लाकडी घोडी करून घेतली, १,४०० रुपये, स्टेटर कमरेच्या उंचीला आला. तार ओढताना हात बाहेर फेकण्याऐवजी पाय किंचित फाकवून कमरेतून वळायचं. ही गोष्ट धनुष्य ताणण्याच्या हालचालीतून थेट उचलली: ताकद जमिनीतून, वळण कमरेतून, हात नुसता टोकाला. गच्चीवर जे करत होतो ते कामात उतरलं ते इथं. मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. गच्चीवरचा अर्धा तास नीट आणि उरलेले दहा तास वाकडे, तर खांदा दहा तासांचंच ऐकतो.

१० फेब्रुवारी

दोन दुरुस्त्या.

मुठी आवळून डोळे वटारायची सातवी हालचाल. ती करून प्रेशर मोजलं तर वरचा आकडा १६२. न करता १३८. पोरीनं बघितल्यावर म्हणाली, "तुम्ही श्वास धरता." मूठ आवळताना नकळत छाती घट्ट होत होती. आता मूठ पुढं जाताना तोंडातून ऐकू येईल असा श्वास सोडतो, आणि मूठ पूर्ण ताकदीनं आवळत नाही. परत मोजलं, १४० च्या आसपास. ब्लड प्रेशर असणाऱ्यांनी ही हालचाल एकदा मशीन शेजारी ठेवून करून बघावी.

टाचा. आठव्या हालचालीत टाचा उचलून सात वेळा सोडायच्या असतात. काँक्रीटच्या गच्चीवर मी त्या आपटत होतो. उजवी टाच सकाळी टेकवेना. आता खाली वाकळेची दुहेरी घडी, आणि टाच आपटायची नाही, सोडायची: शेवटच्या बोटभर अंतरात नुसतं वजन जाऊ द्यायचं. आठवडाभरात फरक.

२१ मार्च

आज पहाटे हालचाली संपवून गच्चीवर नुसता उभा होतो. गुडघे सैल, डोळे अर्धे मिटलेले, श्वासाकडे लक्ष. सहा वाजून गेले असतील. आधी पायाखालून घरघर आली, ट्रक जवळून जावा तशी पण कानांऐवजी तळव्यांना. मग टाकीतलं पाणी डचमळल्याचा आवाज, शेजारच्या पत्र्यांचा खडखडाट. वाकळेवरचे दोन्ही पाय जागेवर आणि गच्ची खालून सरकल्यासारखी. मी खाली पळालो. सगळी गल्ली बाहेर, लहान पोरं तशीच कडेवर. दहाएक मिनिटांनी दुसरा, हलका. भूकंपाचा पहिला धक्का ४.५ चा, दुसरा ३.६ चा, केंद्र हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीकडे असं नंतर कळलं.

आमच्या वयाच्या माणसांना अशा वेळी एकच आठवतं: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, किल्लारी. गल्लीत कुणीतरी ते नाव काढलं आणि सगळे गप्प झाले.

ध्यान करणाऱ्यांसाठी नेमकं काय झालं ते लिहितो. धक्का बसला तेव्हा मन शांत वगैरे नव्हतं. छाती धडधडत होती, जिन्यात मी भिंतीला धरून उतरलो, त्यात उजवा हात खुणेच्या वर गेला आणि कळलंही नाही. फरक पडला तो नंतर. घरातली म्हातारी आई थरथरत होती. तिच्याजवळ ओट्यावर बसून मी श्वास लांब सोडत राहिलो, ती माझ्याबरोबर सोडायला लागली, आणि थोड्या वेळानं तिनं चहा मागितला. एवढं येतं सरावानं, आणि एवढं पुष्कळ आहे.

आता काही दिवस गच्चीवर कुणी जाणार नाही, मीही नाही. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर करतो. तिथं गल्लीतले दोघं-तिघं येऊन उभे राहायला लागलेत.

२८ एप्रिल

बोअर आटल्यानं काम कमी झालंय. ती संधी साधून इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलो. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये इकडे आले, धम्मगिरीला १९७६ पासून शिबिरं होतात. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण झाल्यावर ज्याला वाटेल त्यानं दान द्यायचं. माझा खर्च रेल्वे आणि रिक्षाचा, हजाराच्या आत.

साखर असणाऱ्यांनी अर्जात आजार आणि गोळ्या सगळं लिहावं. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ-मुरमुरे. म्हणजे रात्रीचं जेवण नाही. मी जायच्या आधी डॉक्टरांकडून संध्याकाळची गोळी कमी करून घेतली होती, म्हणून निभावलं. बसायला खुर्ची मागितली, मिळाली. दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं. तीस वर्षं मांडी घातलेली असली तरी पायाला मुंग्या येणाऱ्यानं हट्ट करू नये.

तिथं इतर सगळ्या साधना आणि व्यायाम थांबवावे लागतात, चालणं तेवढं चालतं. बादुआनजिन बंद. लोंबत्या हातापुरती परवानगी विचारून घेतली होती. तरी घरी आल्यावर खूण ५ फूट ७ वरून ५ फूट ५.

पण एक गुंता तिथं सुटला. पहिले तीन दिवस आनापान असतं: नाकपुडीशी श्वास जसा येतो-जातो तसा बघायचा, लांब करायचा नाही, मोजायचा नाही. मी इतके महिने छिगोंगमध्ये हाताच्या हालचालीला जोडून श्वास लांब करत होतो आणि त्याच ओघात ध्यानाला बसत होतो. बसल्यावरही श्वास चालवतच होतो, आणि छातीत ताण यायचा. आता दोन्ही वेगळी केलीत. हालचालींमध्ये श्वास हाताबरोबर. मग गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-सहा फेऱ्या, काहीही न करता. मग खुर्चीवर वीस मिनिटं, श्वासाला हात लावायचा नाही. मधल्या फेऱ्या गाळल्या तर गुंता परत येतो.

झोप सुधारली आहे. अकराला पडलो की साडेचारलाच डोळा उघडतो.

१९ मे

ऊन ४२-४३ अंशांवर. काल उशीर झाला, साडेआठला अनवाणी गच्चीवर गेलो. तळव्याला भाजल्याचं जाणवलंच नाही. खाली आल्यावर हिनं बघितलं, उजव्या अंगठ्याखाली फोड. डॉक्टरांनी नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून तपासलं, दोन जागी स्पर्श कळत नाही. फोड भरायला तीन आठवडे तरी जातील म्हणाले.

साखर असणाऱ्यानं अनवाणी करू नये, मग कुठलाही गुरू जमिनीशी नातं जोडायला सांगो. मऊ तळाची, मागून पट्टा असलेली चप्पल घेतली, ६५० रुपये. रात्री झोपण्याआधी तळवे आरशात बघायचे, हेही आता सरावातच धरलंय.

१० जुलै

सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा धक्का, पुन्हा हिंगोलीकडचाच, पुन्हा ४.५. प्लॉटवर होतो. या वेळी कुणी पळालं नाही.

कोन ४० अंश. तारा ओढताना दुखत नाही.

३ सप्टेंबर

गेल्या वर्षी कोरडं, यंदा दोन दिवसांत परभणी-हिंगोलीत असा पाऊस की ओढे शेतांतून वाहिले. दुकानात चिखलानं भरलेल्या मोटारी येतायत. सराव दुकानातल्या तुकड्यांवर.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी आणि मुक्तिसंग्राम दिन एकाच दिवशी. सकाळी झेंडा, संध्याकाळी मिरवणूक.

महिनाभर आमच्या जुन्या वस्तादांकडे जात होतो. त्यांचं वय आता पंचाहत्तरीपुढं. त्यांनी खांदा बघून मोठी लाठी काढून घेतली आणि हातात हलका वेत दिला. "मनगट फिरव. कोपर बरगडी सोडणार नाही." पुढ्यातला आठाचा फेरा तेवढा, दोन्ही हातांनी. मी कोनमापकावर जे मोजत होतो ते त्यांनी डोळ्यांनीच ओळखलं: जिथं उजवा हात अडायचा तिथंच त्यांचं बोट यायचं. पाय मात्र त्यांनी बघितले आणि विचारलं, "हे बसणं कुठं शिकलास?" धनुष्याच्या हालचालीतली बैठक त्यांना पसंत पडली. गुडघा अंगठ्याच्या पुढं जात नाही, टाच उचलत नाही, कंबर मोकळी.

मिरवणुकीत पोरांच्या मागं उभा राहून थोडा वेळ वेत फिरवला. डोक्यावरचा फेरा केला नाही. रात्री खांदा दुखला नाही.

२० ऑक्टोबर

मापं: भिंतीवर ६ फूट ४ इंच. बाहेरचा कोन ५० अंश. अंगठा पाठीमागे पट्ट्यापर्यंत येतो, त्याच्या वर अजून नाही. पाकीट उजव्या हातानं निघतं. एचबीए१सी ७.१, गोळी एक कमी झाली. प्रेशरची गोळी तीच.

खर्च: डॉक्टर, एक्स-रे, इंजेक्शन आणि फिजिओथेरपी मिळून ११ हजारांच्या आसपास. साखर मोजायच्या पट्ट्या हा सगळ्यात मोठा चालू खर्च, पण सप्टेंबरच्या त्या सकाळनंतर त्यात काटकसर करत नाही. कप्पी, अँकर, घोडी, चप्पल, वेत मिळून अडीच हजार. दिवाळी ते संक्रांत बुडालेला सराव हे सगळ्यात मोठं नुकसान. त्यानं निदान तीन महिने मागं नेलं.

सध्याचा क्रम: पहाटे आठही हालचाली, पाचवी आता परत चालू, सहावी अजून गुडघ्यापर्यंतच. फेऱ्या. वीस मिनिटं खुर्चीवर. आठवड्यातून दोनदा वस्तादांकडे वेत. हंगाम तोंडावर आलाय, पुढच्या महिन्यापासून सगळं दुकानात तुकड्या-तुकड्यांनी. ते या वेळी आधीच ठरवून ठेवलंय, भट्टीशेजारी कागद चिकटवलाय.

डॉक्टरांनी आज सांगितलं की एक खांदा सुटल्यावर पुढच्या काही वर्षांत दुसराही धरू शकतो, साखर असेल तर जास्तच. म्हणून आजपासून डाव्याचीही मापं दर रविवारी. बाहेरचा कोन आधी कमी होतो, तेव्हा भिंतीपेक्षा कोनमापकाकडे जास्त लक्ष. आज डावा ५८.